स्यात्, संभव आणि श्रद्धा



'धर्म आणि विज्ञान' हा विषय व्याख्यानासाठी निघाला की बहुधा दोन ठरलेली भाषणे ऐकावयास मिळतात. पहिल्या भाषणात विज्ञानाने लावलेला प्रत्येक शोध शास्त्रात आधीच होता असे सांगितले जाते. दुसऱ्यात शास्त्रातील सारे काही भाबड्या काळातले म्हणून बाजूला सारले जाते. दोन्ही भाषणांना टाळ्या मिळतात आणि दोन्हींनंतर श्रोता घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच वागतो. मुलीची पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जातो, वास्तूसाठी दुकानाचे दार फिरवून घेतो, आणि रुग्णालयात डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली की गोंधळून इतरांच्या तोंडाकडे पाहतो. खरा प्रश्न तेथे आहे. जे घडते त्यात कर्माचा वाटा आहे असे मानणाऱ्या श्रावकाने योगायोग आणि संभाव्यता यांना आपल्या श्रद्धेत कोठे स्थान द्यावे, एवढाच मर्यादित विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभ एका निबंधापासून करणे उचित ठरेल. प्रशांतचंद्र महालनोबिस (१८९३–१९७२) हे भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू. कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट त्यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच प्रेरणेने, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. जन्माने ते ब्राह्मो समाजी घराण्यातील. जैन समाजाला खूश करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. अशा या गृहस्थांनी १९५४ मध्ये 'डायलेक्टिका' या स्वित्झर्लंडमधील नियतकालिकात स्याद्वाद आणि संभाव्यता यांच्या संबंधावर निबंध लिहिला. पुढे १९५७ मध्ये तो त्यांच्या संस्थेच्या 'संख्या' या नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटन सोडून भारतात आलेले ख्यातनाम जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही स्याद्वादावर 'संख्या'मध्येच लेख लिहिला. नाणेफेकीचे साधे उदाहरण घेऊन महालनोबिसांनी सप्तभंगीचे सात भंग उलगडले. त्यांचे म्हणणे नेमके आणि जपून मांडलेले आहे. संभाव्यतेचे गणित जैन आचार्यांनी केले होते असा त्यांचा दावा नाही. त्या गणिताला लागणारी तर्काची बैठक गुणात्मक स्वरूपात स्याद्वादात आढळते, एवढेच ते म्हणतात. स्मरणिकांतून आणि व्यासपीठांवरून या निबंधाचा उल्लेख होतो तेव्हा ही मर्यादा बहुधा गळून पडते आणि उरते ती केवळ फुशारकी.

या साम्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो परंपरेतूनच येतो. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. स्याद्वादाला संशयवाद म्हणून नाकारणारे पूर्वपक्ष फार जुने आहेत आणि जैन आचार्यांनी त्यांचे एकच उत्तर सातत्याने दिले आहे : स्यात् म्हणजे कथंचित्, अमुक एका अपेक्षेने. त्या अपेक्षेपुरते विधान पूर्ण निश्चित असते. मग संभाव्यतेशी त्याचा संबंध कसा जोडावा? संभाव्यता तर अनिश्चिताचे शास्त्र!

कापडाच्या दुकानातला रोजचा प्रश्न घेऊन पाहता येईल. ग्राहक विचारतो, "रंग पक्का आहे ना?" तागा एकच आहे. थंड पाण्यात धुतल्यास रंग टिकतो, त्या अपेक्षेने 'आहे'. सोडा घालून उकळल्यास उतरतो, त्या अपेक्षेने 'नाही'. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या तर 'आहे आणि नाही'. दोन्ही एकाच शब्दात, एकाच क्षणी सांगा असा आग्रह धरला तर भाषा थांबते, ते 'अवक्तव्य'. यांपैकी एकाही विधानात दुकानदार घुटमळत नाही. प्रत्येक विधानाला त्याची अट चिकटलेली आहे, इतकेच. आता त्याच रंगाईच्या १०० ताग्यांपैकी ५ ताग्यांचा रंग जातो असे अनुभवाने ठाऊक आहे. समोरच्या ताग्याबद्दल 'शेकडा ५' हे विधान तो दुकानदार करतो, तेव्हा तेही घुटमळणे नव्हे. ते अमुक रंगाईच्या, अमुक १०० ताग्यांच्या अपेक्षेने केलेले निश्चित विधान होय. अपेक्षा बदलली, म्हणजे दुसऱ्या कारखान्याचा माल आला, की आकडाही बदलतो. संभाव्यतेचे शास्त्र आणि स्याद्वाद यांची भेट 'कदाचित' या शब्दापाशी होत नाही. अट सांगितल्यावाचून विधान करू नये, या शिस्तीपाशी ती होते. आयुर्विम्याचा सारा व्यवहार याच शिस्तीवर चालतो. हजार पन्नाशीच्या माणसांपैकी वर्षभरात किती जातील हे विमा कंपनी बऱ्याच अचूकतेने सांगते. कोण जाईल हे ती सांगत नाही आणि सांगण्याचा आवही आणत नाही.

भंग सातच का, आठ किंवा सहा का नाहीत, यालाही गणिती उत्तर आहे. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य ही तीन मूळ पदे. एकेक घेतल्यास ३, दोन-दोन मिळून ३, तिन्ही मिळून १, एकूण ७. मोजणीची ही रीत जैन परंपरेला आवडती होती. स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत त्यांत 'विकल्प' हा एक आहे, आणि भगवतीसूत्रात अशा मेळांची मोजदाद आहे. या विद्येचा कळस महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात दिसतो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, हा ग्रंथ सिद्ध झाला. अनेक वस्तूंमधून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचा सर्वसाधारण नियम त्यात दिला आहे. सहा रसांचे मेळ किती, हे त्यातील एक उदाहरण : ६, १५, २०, १५, ६ आणि १, मिळून ६३. सप्तभंगीचे ७ आणि रसांचे ६३ हे एकाच हिशेबाचे दोन आकडे आहेत. नाशिककरांसाठी एक जाता जाता : अमोघवर्षाचे पिता तिसरे गोविंद यांचे ताम्रपट ज्या मयूरखंडीहून दिले गेले, ती म्हणजे वणीजवळचा मार्कंड्या डोंगर होय, असे अनेक अभ्यासक मानतात. सप्तशृंगीच्या वाटेवर तो डोंगर सर्वांनीच पाहिला आहे; त्याचा गणिताच्या इतिहासाशी असा दूरचा संबंध असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मेळ मोजण्याची विद्या हाती असूनही तिच्यापासून संभाव्यतेच्या आकड्यापर्यंतचे पाऊल येथे पडले नाही. युरोपात ते पडले १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात, आणि निमित्त होते जुगाराचे. अर्धवट सोडलेल्या डावातील पैसे खेळाडूंनी कसे वाटून घ्यावेत हा तो प्रश्न. श्रावकाच्या आचारात द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले व्यसन. ते व्यसन मात्र समाजापासून दूर राहिले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैसे लावण्यातून आकड्याचा धंदा वाढला आणि पुढे त्याचाच मटका झाला, हा इतिहास कापसाच्या आणि कापडाच्या पेठांतून वावरलेल्या जुन्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून आकडा काढणारी माणसे त्या काळी गल्लोगल्ली होती.

आता एक अवघड गोष्ट. शास्त्रात जंबूद्वीपाचे जे वर्णन आहे त्यात मध्यभागी मेरू आहे, पृथ्वी सपाट आहे, आणि दोन सूर्य व दोन चंद्र आहेत. भारताचे चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी, खगोलशास्त्राच्या एका चंद्राच्या हिशेबाने. पाठशाळेतील दहा वर्षांच्या मुलाने याविषयी प्रश्न विचारला तर शिक्षकांनी त्याला गप्प बसवू नये आणि ओढूनताणून अर्थही लावू नये. प्राचीन काळी उपलब्ध साधनांनी केलेली विश्वाची ती एक भव्य कल्पना आहे. तिच्यातील मोजमापे आज टिकत नाहीत, हे सरळ सांगावे. जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष ही सात तत्त्वे त्या मोजमापांवर उभी नाहीत. याने श्रद्धा डळमळेल अशी भीती अनेक वडीलधाऱ्यांना वाटते. डळमळते ती मुलाने मोठा झाल्यावर शिक्षकांना सत्य ठाऊक होते आणि तरी त्यांनी सांगितले नाही, हे कळल्यामुळे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील पहिले अंग 'निःशंकित' आहे, मग प्रश्न विचारणे हाच दोष नव्हे काय, अशी शंका येथे घेतली जाते. गणधरवादाची कथा आठवली तर ती फिटते. भगवान महावीरांचे अकराही गणधर प्रथम आले ते प्रतिपक्षी पंडित म्हणून, आणि प्रत्येकाच्या मनात एकेक शंका होती. इंद्रभूती गौतमांची शंका तर खुद्द आत्म्याच्या अस्तित्वाविषयी होती. ती घेऊन आलेला पुरुष प्रथम गणधर झाला आणि पुढेही प्रश्न विचारीतच राहिला. भगवतीसूत्राचा मोठा भाग त्यांच्या प्रश्नांनी व्यापला आहे. स्वामी समंतभद्रांची 'आप्तमीमांसा' तर आप्ताची परीक्षा घेऊनच सुरू होते. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे असली वैभवे गारुड्यांपाशीही दिसतात, म्हणून तेवढ्यावरून कोणी वंद्य ठरत नाही, असे ते भगवंतांनाच उद्देशून म्हणतात. चमत्काराला पुरावा मानण्यास नकार देणारा हा आचार्य दक्षिणेत शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि आज त्याच्या ग्रंथाचे पूजन करणारी घरे भिंतीवरील तसबिरीतून विभूती झरल्याची बातमी ऐकताच गाडी काढतात!

पत्रिकेचा विषय येथे टाळता येणार नाही. महाराष्ट्रात या बाबतीत एक चांगली परीक्षा झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ती योजली आणि तिचा वृत्तांत २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांतून २०० मुलांचे जन्मतपशील जमवले गेले. १०० हुशार मुले आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखावयास सांगितले. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगले उत्तर ४० पैकी २४ बरोबर असे होते, आणि सर्वांची सरासरी निम्म्याहून खालीच राहिली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

४० पैकी २४ हे ऐकून एखादा म्हणेल, "निदान एकाला तरी विद्या होती." संभाव्यतेचे गणित येथे उपयोगी पडते. २७ माणसांनी पत्रिकेकडे न पाहता प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवून उत्तरे लिहिली असती, तर त्यांतील तीन-चार जणांची २४ किंवा अधिक उत्तरे बरोबर यावीत असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात एकाचीच आली. वर्तमानपत्रात ज्यांची छायाचित्रे येतात ते बहुधा असे नाणेफेकीतील तीन-चार जण असतात. उरलेल्यांची भाकिते कोणी जपून ठेवत नाही.

मंगळाच्या बाबतीत तर इतक्याही खटपटीची गरज नाही, बोटांवर हिशेब होतो. लग्नस्थान, चौथे, सातवे, आठवे किंवा बारावे यांपैकी कोणत्याही घरात मंगळ असला की पत्रिका 'मंगळाची' म्हणतात. बारा घरांपैकी ही पाच घरे. म्हणजे स्थूलमानाने १०० पैकी ४२ मुली आणि ४२ मुलगे मंगळाचे निघणार. मंगळाचे स्थळ मंगळालाच द्यावयाचे असा नियम धरला तर जुळवून पाहिलेल्या १०० स्थळांपैकी सुमारे ४९ स्थळे, म्हणजे जवळपास निम्मी, केवळ या एका कारणाने मोडतील. लोकसंख्येच्या चार दशांश भागावर वैधव्याचे सावट आहे असे सांगणारे शास्त्र कोणत्याही हिशेबनिसाला संशयास्पद वाटावयास हवे. जैन घरांच्या दृष्टीने तर आक्षेप आणखी मूलगामी आहे. सुखदुःखाचे वेदन वेदनीय कर्माच्या उदयाने होते असे मानणाऱ्याने ते मंगळाकडे कसे सोपवावे? सुशील, शिकलेली मुलगी पत्रिकेपायी तिशी ओलांडते आणि तिचे आईवडील शांतीच्या खर्चाची जुळवाजुळव करतात, हे चित्र नाशिक-मालेगाव-येवल्याकडील समाजात दुर्मीळ नाही. परिचयपत्रकातून 'मंगळ : आहे / नाही' हा रकाना काढून टाकला तर त्यासाठी ठरावाहून अधिक काही लागत नाही.

ग्रह नव्हे, नियतीच सर्व ठरवते, असे म्हणणारा पंथ भगवान महावीरांच्या काळी होता. मंखली गोशालकाचे आजीविक. उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र नावाच्या आजीविक कुंभाराची कथा आहे. वाळत ठेवलेली भांडी पाहून भगवंत त्याला विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणतो, प्रयत्नावाचून. सारे नियत आहे. त्यावर भगवंत विचारतात, कोणी तुझी भांडी चोरली किंवा फोडली, तुझ्या पत्नीशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील? कुंभार म्हणतो, त्याला मारीन, शिक्षा करीन. मग सारे नियत कसे, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. सिद्धसेन दिवाकरांनी 'सन्मतितर्क' ग्रंथात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणे सांगून, यांतील एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व ठरवले आहे. 'सारे कर्माने होते' हे वाक्य श्रावकांच्या तोंडी इतके रुळले आहे, की याच न्यायाने तेही एकांत ठरते याचा विसर पडतो. समंतभद्रांनी दैव आणि पौरुष यांची वाटणी करताना जी कसोटी दिली ती आजच्या योगायोगाच्या कल्पनेच्या फार जवळ आहे : विचारपूर्वक योजल्यावाचून जे येते ते दैवाच्या बाजूचे, योजून जे साधले ते पौरुषाचे.

रुग्णालयात हे सारे एकदम अंगावर येते. हृदयाची शस्त्रक्रिया आहे, डॉक्टर म्हणतात, "शंभरात ९५ रुग्ण बरे होतात." घरातील कोणी नवस बोलतो, कोणी शांतिधारा करवतो, कोणी णमोकाराचा जप सुरू करतो. प्रार्थनेने शस्त्रक्रियेचा निकाल बदलतो का, याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली आणि तिचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने सहा रुग्णालयांतील बायपासच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, पण ज्यांना त्याची खात्री दिलेली नव्हती, त्यांच्यात शेकडा ५२ जणांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात शेकडा ५१ जणांना. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांत मात्र हे प्रमाण शेकडा ५९ निघाले. ख्रिस्ती जगतात यावर बराच खल झाला. जैन श्रावकाला त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही, कारण त्याच्या दर्शनात अर्ज ऐकणारा जगन्नियंता नाही. सिद्ध भगवान वीतराग आहेत. ते प्रसन्न होत नाहीत आणि कोपतही नाहीत. फळाची मागणी ठेवून केलेल्या धर्माला शास्त्राने 'निदान' म्हणून शल्यात गणले आहे. जप जपणाऱ्याचे परिणाम निवळतात, थरथरणारा हात संमतीपत्रावर सही करताना स्थिर राहतो. जपाकडून मागावयाचे ते एवढेच. आणि डॉक्टरांना विचारावयाचे ते हे, की हे ९५ कोणत्या शंभरातले? सत्तरीच्या वडिलांना मधुमेह असताना त्यांच्यासारख्या शंभरांत किती? अपेक्षा विचारल्यावाचून तो आकडा एकांत आहे.

शेवटी नाशिकच्याच दोन घटना. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरत असताना प्राणवायूची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. दोन्ही वेळी शहरात एक वाक्य कानोकानी ऐकू आले : त्यांचे आयुष्य तेवढेच होते. सामुदायिक कर्म, असेही शब्द वापरले गेले.

हे वाक्य जैन सिद्धांत म्हणून बोलले जाते, आणि ते जैन सिद्धांताला धरून नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी कोणाचे आयुष्य मध्येच तुटत नाही हे सांगितले आहे : देव, नारकी, चरमशरीरी पुरुष आणि असंख्यात वर्षांचे आयुष्य असलेले जीव. उरलेल्या सर्वसामान्य माणसांचे आयुष्य बाह्य निमित्ताने अकाली तुटू शकते, हा त्याचा सरळ अर्थ टीकाकारांनी केला आहे. दिव्यात तेल शिल्लक असते, वारा येतो, ज्योत जाते. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसाराच्या कर्मकांडात आयुष्य तोडणारी कारणे नावानिशी दिली आहेत : विष, वेदना, रक्तक्षय, भय, शस्त्राघात, संक्लेश, आहाराचा निरोध. आणि त्यांच्याच जोडीला आहे श्वासोच्छ्वासाचा निरोध. दहाव्या शतकातील ही यादी हाती घेऊन २०२१ च्या त्या दिवसाकडे पाहिले तर 'आयुष्य तेवढेच होते' असे म्हणण्यास श्रावकाला शास्त्राचा आधार उरत नाही. कर्मांच्या अवस्थांतही उदीरणा आहे, संक्रमण आहे, उपशम आहे. निकाचित बंध सोडला तर पुष्कळच बदलण्याजोगे असते. टाकीची झडप कोणत्या स्थितीत होती, देखरेखीला कोण होते, पर्यायी सिलिंडर किती वेळात पोहोचले, हे प्रश्न धर्माबाहेरचे नव्हेत. तो निमित्ताचाच शोध आहे. २००३ च्या दुर्घटनेची न्यायालयीन चौकशी झाली. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीच्या वाटा नव्याने आखल्या गेल्या आणि तशी चेंगराचेंगरी झाली नाही. त्या वर्षीच्या यात्रेकरूंची संचिते २००३ च्या यात्रेकरूंहून सरस होती असे कोणी म्हणणार नाही. वाट बदलली होती.

कर्मसिद्धांत हा आपल्या दुःखाकडे पाहण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. सांत्वनाला गेलेल्या श्रावकाने तेथे त्याचा उच्चार करू नये. कोणाचा पिता, कोणाची आई एका झडपेपायी गेली; त्यांच्या मुलांना त्या घडीला तत्त्वज्ञानाची नव्हे, सोबत बसणाऱ्याची आणि भरपाईच्या अर्जाची कागदपत्रे लावून देणाऱ्याची गरज असते. समाजात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, महापालिकेच्या कामकाजाची माहिती असलेले निवृत्त अधिकारी आहेत. अशा प्रसंगी त्यांची यादी न्यासाच्या कार्यालयात तयार असावी, आणि त्या घरी कोण जाणार हे त्याच दिवशी ठरावे.

जय जिनेंद्र.